पोरगं एक, रजिस्टरं तीन

आमच्या वस्तीतल्या एका पोराचं नाव सरकारनं तीन ठिकाणी लिहून ठेवलंय. शाळेच्या हजेरीपटावर नावापुढं शेरा आहे : 'अनियमित'. दवाखान्याच्या वहीत शेरा आहे : 'संदर्भित'. अंगणवाडीच्या जुन्या रजिस्टरात आहे : 'वडील मयत, आई मजूर'. तिन्ही शेरे खरे. तिन्हींच्या खाली सही आहे. आणि तिन्ही मिळून त्या पोराच्या कानातला पू चार वर्षं थांबला नाही.

नाव लिहीत नाही. गरिबाच्या पोराचं नाव आणि फोटो छापून आपली करुणा मिरवणारे पांढरपेशे पुष्कळ आहेत. त्यात आपली भर नको.

मी देवळ्याचा. नाशिक जिल्ह्यातला कसमादे पट्टा, म्हणजे कळवण, सटाणा, मालेगाव आणि देवळा. मुंबई-पुण्याच्या दोस्तांनो, तुम्हाला आमचा मुलूख माहीत असलाच तर कांद्यामुळं. उमराण्याच्या बाजारात ट्रॅक्टरच्या रांगा लागतात तो कांदा. आमच्या बायांनी वाकून लावलेला, निंदलेला, काढलेला, खांडलेला. कांदा महागला की दिल्लीपर्यंत बोंब जाते. पोरगं शाळेतून गळालं की गल्लीतसुद्धा बोंब होत नाही. पोराला बाजारभाव नाही ना!

उन्हाळ कांद्याची लागवड डिसेंबर-जानेवारीत, काढणी मार्च-एप्रिलात. शाळेचं दुसरं सत्र बरोबर ह्या दोन कामांच्या मध्ये चिरडतं. काम उक्तं असतं. एकराचा भाव ठरतो. टोळीत हात जास्त तितकं काम लवकर हातावेगळं. आईच्या दोन हातांना पोरीचे दोन हात जोडले की संध्याकाळच्या चुलीची खात्री. ज्या वर्षी विठेवाडीचा साखर कारखाना चालायचा, त्या वर्षी गिरणाकाठी ऊसतोड्यांची खोपटं पडायची. त्यांची पोरं तर आमच्या पोरांच्याही खालच्या पायरीवर. आमच्या पोरांची निदान पटावर नावं होती. त्यांचं नाव फक्त मुकादमाच्या वहीत, तेही बापाच्या उचलीखाली.

जमीन कुणाची? आपली नाही. दादासाहेब गायकवाड ह्याच जिल्ह्याचे. भूमिहीनांसाठी त्यांनी १९५९ साली आणि पुन्हा १९६४ साली सत्याग्रह केले, माणसांनी तुरुंग भरले. ज्यांच्या हाती तरीही सातबारा आला नाही, त्यांची नातवंडं आणि पतवंडं आज दुसऱ्याच्या वाफ्यात उकिडवी बसलीत. हे आधी समजून घ्या. पोराच्या शिक्षणाचा प्रश्न शाळेच्या फाटकापाशी सुरू होत नाही. तो बांधापाशी सुरू होतो.

आता त्या पोराची गोष्ट सांगतो. ह्यात मी पण आरोपी आहे.

मागल्या वर्षीची चौदा एप्रिल. वस्तीत निळे झेंडे, कमान, स्पीकरची भिंत. मी माईकवर. पाऊण तास बोललो. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा. टाळ्या पडल्या. पुढं स्पीकरला कान लावून एक पोरगं उभं होतं. नऊ-दहा वर्षांचं, कानात कापसाचा बोळा. बाकीची पोरं आवाजानं लांब पळत होती आणि हे पोरगं स्पीकरला चिकटलेलं. मला वाटलं, पोरगं नाचायला आलंय. मी त्याच्याकडं बघून हसलो आणि पुढचं वाक्य फेकलं.

सभा संपल्यावर त्याची आई आली. पदराच्या गाठीतून घडी पडलेला कागद काढला. म्हणाली, "भाऊ, तू शिकेल शे. हाई वाच बरं, काय लिखेल शे." मी वाचलं. शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरांनी लिहिलं होतं : कान वाहतो, ऐकू कमी येतं, नाशिकला तज्ज्ञांना दाखवा. खाली तारीख. दोन वर्षांपूर्वीची.

दोन वर्षं तो कागद पत्र्याच्या पेटीत होता. ती माउली मला म्हणाली की तिनं शेजारणीकडून एकदा वाचून घेतला होता. पण नाशिकला जायचं म्हणजे एस. टी.चं भाडं, पूर्ण दिवसाची मजुरी बुडाली, आणि एका फेरीत काम होणार नाही हे तिला अनुभवानं ठाऊक. "रोज बुडना ते रातले काय खावाडू?" ह्या प्रश्नाचं उत्तर त्या कागदावर नव्हतं. माझ्या पाऊण तासाच्या भाषणातही नव्हतं.

आणि ते पोरगं स्पीकरला चिकटून का उभं होतं ते मला तेव्हा कळलं. बाबासाहेबांचं नाव त्याला तेवढ्याच अंतरावरून ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो. कोणती शाळा ते सांगत नाही. गुरुजी वाईट माणूस नाही. म्हणाले, "पोरगं लक्षच देत नाही हो. हाक मारली तरी वळत नाही. उद्धट आहे." मी म्हटलं, "गुरुजी, त्याला ऐकू येत नाही." गुरुजी गप्प झाले. तपासणीचा कागद त्यांच्याच शाळेत लिहिला गेला होता. पण तो आरोग्यखात्याचा कागद. हजेरीपट शिक्षणखात्याचा. दोन्ही कागद एका छताखाली लिहिले गेले आणि एकमेकांना कधी भेटलेच नाहीत.

मला माझा चौथीचा वर्ग आठवला. मला मागच्या रांगेत बसवायचे. का बसवायचे ते तुम्हाला सांगायला नको. तिथून फळा धूसर दिसायचा. मी चुकीचं उतरवायचो, मार खायचो, 'ढ' म्हणवून घ्यायचो. डोळे अधू आहेत हे कळलं कॉलेजात, पहिल्यांदा चष्मा लागला तेव्हा. झाडाला सुटी सुटी पानं दिसतात हे मी सतराव्या वर्षी बघितलं. कित्येक पोरं 'ढ' म्हणून शाळेबाहेर फेकली गेली, त्यांतल्या कितींना नुसता चष्मा हवा होता, कितींना जंताची गोळी, कितींना पोटभर जेवण आणि कितींना रात्री बापाचा मार न खाता झोप? त्यांची गुणवत्ता मोजणाऱ्यांनी त्यांचे डोळे कधी मोजले नाहीत.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे. गरिबाचं पोरगं एक असतं. सरकार त्याचे तीन तुकडे करतं. डोकं शिक्षणखात्याकडं, शरीर आरोग्यखात्याकडं, घर महिला-बालविकासाकडं. प्रत्येक खातं आपला तुकडा मोजतं, रकाना भरतं आणि मोकळं होतं. पोरगं मरतं ते तुकड्यांच्या मधल्या फटीत. ह्या फटीला जबाबदार अधिकारी नाही. ह्या फटीत बहुतेक आपलीच पोरं आहेत : बौद्धांची, मातंगांची, भिल्लांची, कातकऱ्यांची, भटक्यांची.

कुणी म्हणेल, कायदे नाहीत का? आहेत की! ढीगभर आहेत. २ ऑक्टोबर १९७५ ला अंगणवाडीची योजना सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयानं शाळेत शिजवलेलं गरम जेवण द्या म्हणून हुकूम केला. शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्यात लिहिलंय की वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येणार नाही, पोराला मारता येणार नाही, मानसिक छळ करता येणार नाही. शाळा-अंगणवाडीत जाऊन पोरांची तपासणी करणारा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला, तोही आपल्याच राज्यात, पालघरला. २६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की आधार नाही म्हणून कुठल्याही मुलाचा लाभ अडवू नका. कागद बघितला तर आमचं पोरगं राजपुत्र आहे.

आता ह्या राजपुत्राच्या आईला 'बालसंगोपन' योजना मिळवायची आहे. महाराष्ट्र सरकारनं सावित्रीबाईंचं नाव दिलेली योजना. बाप गेलेल्या पोराला घरीच वाढवायला महिना पैसे. आधी ४२५ रुपये होते, मग ११०० झाले, २०२३ पासून २२५०. चांगली योजना आहे, मी नावं ठेवत नाही. पण बापाच्या मृत्यूचा दाखला पाहिजे. बाप मेला परजिल्ह्यातल्या वीटभट्टीवर. जिथं मरण तिथं नोंद. नोंद झालीच नव्हती, कारण भट्टीमालकाला पोलीस नको होते आणि मुकादमाला उचल बुडवायची नव्हती. आता उशिराच्या नोंदीसाठी अर्ज, प्रतिज्ञापत्र, हेलपाटे. शिवाय उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, बँकेचं खातं, आणि पोराला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणी बालकल्याण समितीपुढं उभं राहणं. जी बाई एक दिवसाची मजुरी बुडवू शकत नाही म्हणून पोराचा कान दाखवू शकली नाही, तिनं हे सगळं करायचं. म्हणजे ज्याला मदत सगळ्यांत जास्त पाहिजे त्यालाच ती सगळ्यांत शेवटी मिळेल अशी ही बांधणी आहे. ही चूक नाही. ज्यांना कधी रोज बुडवावा लागला नाही त्यांनी टेबलावर बसून आखलेल्या योजना अशाच होणार.

१९९९ साली देवळा वेगळा तालुका झाला. त्याआधी कागदासाठी कळवण गाठावं लागायचं. तालुका झाला तेव्हा आम्ही नाचलो. कचेऱ्या जवळ आल्या. पण कचेरी जवळ येणं वेगळं आणि कचेरीतला माणूस वस्तीत येणं वेगळं. आमच्या वस्तीपासून कचेरी तीन किलोमीटर. कचेरीपासून आमची वस्ती किती लांब आहे, ते अजून कुणी मोजलेलं नाही.

फट किती खोल असते ते बघायचं तर आमच्याच जिल्ह्यात इगतपुरीला चला. २०२२ साली तिथल्या एका कातकरी मुलीचा जीव गेला आणि मग बाहेर आलं की काही हजार रुपये आणि एखादी मेंढी देऊन कातकऱ्यांची पोरं मेंढ्या वळायला परजिल्ह्यात नेली जात होती. पोरगी मेल्यावर पोलीस, पंचनामे, सुटका, पुनर्वसनाच्या घोषणा. त्याआधी ती पोरं कुठं होती हे कुठल्या रजिस्टरात होतं? आणि त्याच वर्षी, त्याच तालुक्यात, दरेवाडीच्या आदिवासी पोरांची शाळा बंद करायचा घाट घातला गेला, तेव्हा ती पोरं बकऱ्या घेऊन नाशिकला जिल्हा परिषदेवर गेली. त्यांचं म्हणणं सरळ होतं : शाळा देणार नसाल तर आमची दप्तरं घ्या आणि वळायला बकऱ्या द्या. एकाच तालुक्यात एकीकडं पोर मेंढीच्या भावात जातंय आणि दुसरीकडं पोरच सरकारला भाव विचारतंय. चळवळीचे नेते म्हणवणाऱ्यांनी ह्या पोरांकडून मोर्चा शिकावा.

आणि पैशाचं रडगाणं ऐकवू नका. १९१७ साली कोल्हापुरात शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोराला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. त्या काळात रुपया म्हणजे रुपया होता. राजानं सक्ती केली तशी शाळा आणि वसतिगृहंही काढली. पाऊणशे वर्षांनी, १९९२ साली, ह्या पुरोगामी महाराष्ट्रानं दलित, आदिवासी, भटक्या जमातींच्या गरीब मुलींसाठी उपस्थिती भत्ता काढला. किती? हजर दिवसाला एक रुपया. तीस वर्षं उलटली, २०२२ साल उजाडलं, तरी रुपयाचा रुपयाच. ह्या काळात आमदारांचे पगार किती वेळा वाढले ते तुम्हीच मोजा. कांदा खांडायला गेलेली पोरगी एका दिवसात जे आणते, त्याच्यापुढं हा रुपया ठेवून सरकार म्हणतं, ये शाळेत!

अंड्याचंही तेच. नोव्हेंबर २०२३ मध्ये ठरलं, शाळेतल्या जेवणात आठवड्याला एक अंडं. जानेवारी २०२५ मध्ये सरकारनं अंड्याचा पैसा काढून घेतला आणि सांगितलं, पाहिजे तर लोकवर्गणीतून द्या. लोकवर्गणी! म्हणजे ज्या गावाच्या पोरांना अंड्याची गरज नाही तिथं अंडं मिळेल आणि आमच्या वस्तीच्या शाळेत आमच्याच आयांनी वर्गणी काढावी. ज्यांच्या ताटात रोज तूप आहे त्यांनी आमच्या पोरांच्या ताटातलं अंडं पवित्र की अपवित्र ते ठरवावं, हा कुठला न्याय?

पण इथं एक सावध करतो. राग योग्य जागी काढा. गुरुजीला दोन वर्ग, खिचडीचा हिशेब, ऑनलाइन माहिती, निवडणुकीचं काम. आधार जुळलं नाही तर पट कमी दिसतो आणि शिक्षक कमी होतो ही धास्ती. अंगणवाडीताई तर मानधनावर राबते. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातल्या सेविका पन्नासहून जास्त दिवस संपावर होत्या ते हौसेनं नव्हतं. ह्या बाया आपल्याच वर्गाच्या आहेत. त्यांच्या अंगावर धावून जाणं सोपं, कारण त्या समोर दिसतात. ज्यानं एका बाईच्या डोक्यावर बारा रजिस्टरं ठेवली तो दिसत नाही. त्याला शोधा.

मग मागायचं काय? दया नको. वह्यावाटप नको, दप्तरावर आमदाराचा फोटो नको. मागणी अशी :

महिन्यातून एकदा गुरुजी, नर्सबाई आणि अंगणवाडीताई वस्तीत एकत्र बसाव्यात, तेही संध्याकाळी, आया कामावरून आल्यावर. प्रत्येक अडलेल्या पोरावर तिघांनी मिळून एकच पान लिहावं आणि त्याची जबाबदारी एका नावावर टाकावी. 'संदर्भित' लिहायचं असेल तर गाडी आणि आईची बुडीत मजुरी त्याच कागदाबरोबर द्यावी. कुपोषित पोराला दवाखान्यात ठेवलं तर आईला बुडीत मजुरी द्यायची पद्धत आहेच, मग कानाला, डोळ्याला, हृदयाला का नाही? दाखल्यांसाठी आईनं कचेरीत नाही, कचेरीनं वस्तीत यावं. कांद्याच्या दोन हंगामांत वस्तीत पाळणाघर चालावं, म्हणजे धाकट्याला सांभाळायला थोरली घरी राहणार नाही. ह्या पोराची थोरली बहीण सातवीतून बसली, ती अशीच. तिच्यासाठी स्थळ बघणं चालू आहे. ती चौदाची आहे.

हे सरकारचं झालं. आता आपलं.

दोस्तांनो, मुलांसाठी काम म्हणजे बायकी काम, सुधारकी काम, क्रांतीचं नव्हे, असं आपल्यातल्या कित्येकांना वाटतं. मलाही वाटायचं. मग बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढल्यावर १९२५ साली सोलापुरात पोरांसाठी वसतिगृह का काढलं? जोतीराव-सावित्रीबाईंनी १८६३ साली टाकून दिल्या जाणाऱ्या अर्भकांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह का उघडलं? त्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे ह्या मातंग मुलीनं १८५५ साली मांग-महारांच्या दुःखावर निबंध लिहिला. एका पोरीला बसायला जागा, शिकवायला माणूस आणि ऐकायला कान मिळाला, म्हणून तो निबंध झाला. आज आपल्या वस्तीतली मुक्ता कांदा खांडतेय आणि आपण वर्गणीच्या पावत्या फाडतोय.

शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण जागा पालकांच्या, निम्म्या बायांच्या आणि वंचितांना त्यांच्या प्रमाणात, असं शिक्षणहक्काच्या कायद्यात लिहिलंय. आमच्या वस्तीतल्या एकाही आईला ती समितीत असल्याचं माहीत नव्हतं. दोघींचे अंगठे होते! आता त्या दोघी बैठकीला जातात. पहिल्या बैठकीत बोलल्या नाहीत. दुसऱ्या बैठकीत एकीनं विचारलं, "आमनी पोरं मागेच का बसतस?" बस्स. एवढं पुरलं. रांगा बदलल्या.

पोराचं सांगतो. नाशिकला तीन फेऱ्या झाल्या. पडद्याला भोक पडलंय. पहिल्या वर्षी आणलं असतं तर थेंबांवर भागलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. एका कानानं बरं ऐकू येतं, दुसऱ्याचं अजून सांगता येत नाही. पुढच्या बाकावर बसतं. वाचनात दोन इयत्ता मागं आहे. मृत्यूचा दाखला अजून मिळालेला नाही. बहीण अजून घरी आहे. म्हणजे विजयाची बातमी घेऊन मी तुमच्यापुढं आलेलो नाही.

तुम्ही विक्रोळीत असा, वरळीत असा, येरवड्यात असा. उद्या संध्याकाळी आपल्या गल्लीत एक फेरी मारा. हातात वही घ्या. कुठलं पोरगं शाळेत जात नाही, कुणाचा कान वाहतो, कुणाला फळा दिसत नाही, कुणाचा बाप गेलाय नि कागद झाला नाही, कुठल्या पोरीचं लग्न ठरतंय. लिहा. अडचणीतल्या पोरासाठी १०९८ हा फुकटचा फोन आहे, तो वस्तीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. त्या वहीत प्रत्येक पोरापुढं आपल्यापैकी एकाचं नाव लिहा. शेरा नको, नाव लिहा. त्या नावानं त्या पोरासाठी कचेरीत जायचं, दवाखान्यात जायचं, आणि काम होईपर्यंत परत परत जायचं.

येत्या चौदा एप्रिलला आमच्या वस्तीत स्पीकर असेल, पण भिंत नसेल. उरलेल्या पैशांतून गाडीचं भाडं आणि बुडालेल्या मजुरीचा फंड काढलाय. पोरं रुसलीत, मला शिव्या देतायत. देऊ द्या. भाषण मी करणार नाही. ती वही वाचून दाखवणार आहे.

जय भीम.